बंदी झाली, तोंडाकडे कोण पाहणार?

ई-सिगारेट या वस्तूला भारताच्या कायद्यात जागा उरलेली नाही. १८ सप्टेंबर २०१९ रोजी केंद्र सरकारने वटहुकूम काढून तिच्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्या वटहुकुमाची जागा संसदेने केलेल्या कायद्याने घेतली. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, साठवण आणि जाहिरात या साऱ्या गोष्टी त्या कायद्याने निषिद्ध ठरविल्या. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि तोच गुन्हा पुन्हा घडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद व पाच लाखांपर्यंत दंड, अशी शिक्षा त्यात सांगितली आहे. बंदीचा हेतू याहून स्पष्ट शब्दांत मांडता आला नसता. तथापि २०२३ साली केंद्रीय आरोग्य मंत्रालयालाच राज्यांना पत्रे लिहून आणि जाहीर सूचना काढून, ही वस्तू अजूनही विकली जाते आणि मुलांच्या हाती सहज पडते, याबद्दल चिंता व्यक्त करावी लागली. ज्याने बंदी घातली त्यानेच ती पाळली जात नसल्याचे मान्य करावे, यानंतर वेगळा पुरावा शोधण्याची गरज उरत नाही.

या प्रश्नाचा विचार वडाळ्यासारख्या एखाद्या भागाच्या संदर्भात केला, तर तो अधिक स्पष्ट होतो. वडाळ्याच्या पूर्व अंगाला बंदराची जमीन, ट्रक टर्मिनस आणि अँटॉप हिलची दाट वस्ती आहे. पश्चिमेला विठ्ठल मंदिर, कात्रक रस्ता आणि जवळच फाइव्ह गार्डन्सचा शांत परिसर. एस.आय.डब्ल्यू.एस., विद्यालंकार, डॉ. आंबेडकर महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे हजारो विद्यार्थी रोज या भागात ये-जा करतात. आणि अवघ्या काही किलोमीटरवर, परळला, २८ फेब्रुवारी १९४१ रोजी सुरू झालेले टाटा स्मारक रुग्णालय उभे आहे. तोंडाच्या कर्करोगाने खंगलेल्या माणसांची रांग तिथे वर्षानुवर्षे हटलेली नाही. गोदीत आणि ट्रक टर्मिनसवर राबणाऱ्या माणसांच्या खिशातील तंबाखू-चुन्याची डबी, कितीतरी घरांतील बायकांच्या हाती दिसणारी मशेरी आणि नव्या पिढीच्या दप्तरात लपलेली, पेनासारखी दिसणारी वाफेची नळी, अशा तीन पिढ्यांच्या तीन सवयी येथे एकाच वस्तीत नांदू शकतात. तिन्ही सवयींचे पहिले बळी एकच आहे, आणि ते म्हणजे तोंड.

ई-सिगारेटचा शोध २००३ च्या सुमारास चीनमधील हॉन लिक या औषधतज्ज्ञाने लावला. सिगारेटचा धूर टाळून निकोटीन मिळावे, हा त्यामागचा उद्देश होता. उपकरण साधे आहे. विजेरीवर तापणारी धातूची बारीक तार, एक द्रव आणि ओढण्यासाठी तोटी. द्रवात प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीन ही दोन मुख्य द्रव्ये असतात. त्यात निकोटीन आणि आंबा, पुदिना, द्राक्ष अशा स्वादांचे अर्क मिसळलेले असतात. तार तापली की द्रवाची वाफ होते आणि ती ओढली जाते. येथे काही जळत नाही. त्यामुळे सिगारेटच्या धुरातील डांबर या वाफेत नसते. नेमकी हीच गोष्ट पुढे करून, ही केवळ सुगंधी वाफ आहे, असा समज तरुणांमध्ये पसरविण्यात आला. वस्तुतः द्रव अतिशय तापला की त्यातून फॉर्माल्डिहाइड व अक्रोलीन यांसारखी दाहक द्रव्ये तयार होतात आणि तारेतील निकेल, शिसे यांसारख्या धातूंचे कणही वाफेत उतरू शकतात. डांबर नाही म्हणजे अपाय नाही, हा निष्कर्ष म्हणूनच चुकीचा ठरतो.

ही वाफ फुफ्फुसात पोहोचण्यापूर्वी तोंडातून जाते. तोंडाचे आरोग्य मुख्यतः लाळेवर अवलंबून असते. खाल्ल्यानंतर तोंडात जे आम्ल तयार होते ते लाळ सौम्य करते, अन्नाचे कण धुऊन नेते आणि दातांच्या कठीण आवरणाची झालेली झीज आपल्यातील खनिजांनी काही अंशी भरून काढते. प्रॉपिलीन ग्लायकॉल हे पाणी शोषून घेणारे द्रव्य असल्यामुळे वाफ ओढणाऱ्याचे तोंड वारंवार कोरडे पडते. म्हणजे ज्या पहारेकऱ्यावर दात विसंबून असतात तोच दुबळा होतो. दुसरीकडे ग्लिसरीन चिकट असते आणि गोड स्वादाच्या द्रवांमुळे कीड लावणारे जंतू दातांना अधिक घट्ट चिकटतात, असे प्रयोगशाळेत आढळले आहे. अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाच्या दंतमहाविद्यालयाने तेरा हजारांहून अधिक रुग्णांच्या नोंदी पाहून २०२२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. वाफ ओढणाऱ्यांपैकी ७९ टक्के रुग्ण दात किडण्याचा धोका अधिक असलेल्या गटात मोडत होते. न ओढणाऱ्यांत हे प्रमाण ६० टक्के होते. या अभ्यासात वाफ ओढणाऱ्यांची संख्या शंभराच्या आत होती, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. एका अभ्यासावर अंतिम निर्णय देता येत नाही. परंतु दंतवैद्यकाला अपेक्षित असलेल्या दिशेनेच तो बोट दाखवितो.

हिरड्यांची गोष्ट अधिक फसवी आहे. हिरड्या सुजल्या की दात घासताना रक्त येते आणि माणूस घाबरून दंतवैद्याकडे जातो. रक्त येणे हा एक प्रकारे शरीराने दिलेला इशाराच असतो. निकोटीन मात्र रक्तवाहिन्या आकुंचित करते. हिरड्यांना होणारा रक्तपुरवठा कमी होतो, त्यांची जखमा भरून काढण्याची शक्ती घटते आणि रक्त येण्याचे लक्षणही दबले जाते. धूम्रपान करणाऱ्यांच्या बाबतीत हे दंतवैद्यांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. निकोटीनयुक्त वाफेने निराळे काही घडण्याचे कारण नाही. आजार आत वाढत असतो आणि वरून सारे ठीक दिसते. वीस वर्षांच्या मुलाला आपल्या हिरड्या निरोगी वाटाव्यात आणि तिशीत त्याचे दात हलू लागावेत, असा हा छुपा व्यवहार आहे.

वाफेमुळे तोंडाचा कर्करोग होतो काय, या प्रश्नाला आज निःसंदिग्ध उत्तर देणे शास्त्राला शक्य नाही. तोंडाच्या कर्करोगाला आकार घ्यायला बहुधा दशके लागतात आणि ही वस्तू बाजारात येऊन दोन दशकांहून थोडा अधिक काळ लोटला आहे. पण उत्तर मिळालेले नाही याचा अर्थ धोका नाही असा घेणे, ही चूक मुंबईने यापूर्वी एकदा केली आहे आणि तिची किंमत अजून चुकविली जात आहे.

ती चूक गुटख्याची होती. तंबाखू आणि सुपारी पुडीत आली, स्वस्त झाली, गोड आणि सुवासिक झाली, आणि पाहता पाहता शाळकरी मुलांच्या खिशात पोहोचली. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर कठीण होत जाते आणि तोंड उघडेनासे होते, हे भारतीय वैद्यकाच्या ध्यानात १९५० च्या दशकातच आले होते. तरीही महाराष्ट्राने गुटख्यावर पहिली बंदी २००२ साली घातली. ती २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात टिकली नाही. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेने तंबाखूविरहित सुपारीदेखील मानवात कर्करोग निर्माण करणारी असल्याचा निर्वाळा दिला. अखेर अन्नसुरक्षेच्या नियमांचा आधार घेऊन जुलै २०१२ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा बंदी आली आणि पुढे सुगंधी तंबाखू व सुगंधी सुपारी यांनाही ती लागू झाली. आज गुटखा कायद्याने नाही. परंतु पानमसाला एका पुडीत आणि तंबाखू दुसऱ्या पुडीत घेऊन दोन्ही तोंडात एकत्र करण्याची युक्ती पानटपरीवरच्या पोरालाही ठाऊक आहे. बंदी उशिरा आली, हा या इतिहासाचा एक धडा. बंदीनंतर सरकार आणि समाज दोघेही निश्चिंत झाले, हा दुसरा आणि अधिक महत्त्वाचा धडा. ई-सिगारेटच्या बाबतीत पहिली चूक टळली. दुसरी मात्र होऊ घातली आहे.

बंदीवर एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. इंग्लंडच्या तत्कालीन सार्वजनिक आरोग्य विभागाने २०१५ साली ई-सिगारेट ही सिगारेटपेक्षा ९५ टक्के कमी अपायकारक असल्याचा अंदाज मांडला होता. सिगारेट सोडू इच्छिणाऱ्यांना निकोटीनच्या पट्ट्या व गोळ्या यांच्यापेक्षा ई-सिगारेटचा अधिक उपयोग होतो, असे अनेक चाचण्या एकत्र पाहिल्यावरही दिसून आले आहे. मग सिगारेट मोकळेपणी विकायची आणि तिच्याहून कमी घातक वस्तूवर बंदी घालायची, हा कोणता न्याय, असे विचारले जाते. प्रश्न चोख आहे. चाळीस वर्षे सिगारेट ओढणाऱ्या इंग्रज गृहस्थाच्या बाबतीत कदाचित त्याचे उत्तर बंदीच्या विरोधात जाईल.

परंतु महाराष्ट्राचे व्यसन इंग्लंडच्या व्यसनासारखे नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांपैकी धूम्रपान करणारे केवळ ३.८ टक्के होते. तंबाखू चघळणारे, दाढेत धरणारे किंवा हिरड्यांना लावणारे २४.४ टक्के होते. म्हणजे येथील तंबाखू प्रामुख्याने धुराची नाही, तर तोंडाची आहे. सिगारेटला पर्याय म्हणून निघालेले यंत्र तंबाखू मळणाऱ्या गोदी कामगाराच्या किंवा मशेरी लावणाऱ्या त्याच्या बायकोच्या काय उपयोगी पडणार? त्यांना ते परवडणार नाही आणि त्यांच्या सवयीशी त्याचा संबंधही नाही. ते हाती घेतो तो मुख्यतः महाविद्यालयीन तरुण, आणि त्यातही ज्याने यापूर्वी कधी सिगारेट ओढली नव्हती असा. इंग्लंडमध्ये जी वस्तू जुन्या व्यसनातून बाहेर पडण्याचा दरवाजा असू शकते, ती वडाळ्यात नव्या व्यसनात शिरण्याचा दरवाजा ठरते. पर्यायाचा युक्तिवाद येथे लागू पडत नाही तो यासाठी. खुद्द ब्रिटनलाही मुलांमध्ये पसरणारी ही सवय रोखण्यासाठी १ जून २०२५ पासून एकदा वापरून फेकून द्यावयाच्या उपकरणांवर बंदी घालावी लागली, हेही या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

तेव्हा बंदी असावी, यात शंका नाही. पण बंदी विक्रेत्याला उद्देशून असते. ज्याच्या तोंडात वाफ आधीच पोहोचली आहे त्याच्यासाठी कायद्यात काही नाही. त्याला शिक्षा नाही, ही त्यातील सुज्ञ बाजू आहे. त्याला मदतही नाही, ही त्यातील उणीव आहे. आणि ही उणीव भरून काढण्याचा मार्ग मुंबईलाच सर्वांत आधी सापडला होता.

तोंड हे शरीराचे असे इंद्रिय आहे की ज्याच्या आत पाहण्यासाठी यंत्र लागत नाही. पुरेसा उजेड, स्वच्छ हात आणि शिकलेली नजर एवढे पुरते. मुंबईचे दंतशल्यविशारद डॉ. फली मेहता यांनी पोलिसांच्या तोंडांची तपासणी करून पांढरे चट्टे आणि तंबाखूच्या सवयी यांचे नाते शोधले. पुढे डेन्मार्कचे प्रा. पिंडबोर्ग यांच्या सहकार्याने आणि टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आधाराने हे काम खेडोपाडी गेले. महाराष्ट्रातील एक लाखाहून अधिक ग्रामस्थांच्या तपासणीचे निष्कर्ष १९७२ साली प्रसिद्ध झाले. त्यानंतर ३६ हजारांवर तंबाखूसेवकांना वेळोवेळी तोंड तपासून सवय सोडण्याचा सल्ला देण्याचा मोठा प्रयोग झाला. १९८६ साली त्याचे जे निष्कर्ष जाहीर झाले त्यांत, सल्ल्याने माणसे तंबाखू सोडतात किंवा कमी करतात आणि चट्ट्यांचे प्रमाण घटते, असे दिसून आले. केरळात तिरुवनंतपुरम जिल्ह्यात आरोग्यसेवकांकडून केवळ डोळ्यांनी तोंड तपासून घेण्याचा प्रयोग झाला. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये तोंडाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू त्यामुळे ३४ टक्क्यांनी कमी झाल्याचे २००५ साली सिद्ध झाले. माणसाने तोंड उघडावे, दुसऱ्याने पाहावे आणि दोन शब्द सांगावेत, या साध्या कृतीत केवढे सामर्थ्य आहे हे यावरून कळते.

आज ही कृती कोणासाठी केली जाते? शालेय मुलांच्या आरोग्य तपासणीची राष्ट्रीय योजना अठराव्या वर्षापर्यंतच्या मुलांसाठी आहे आणि तिच्यात दातांच्या विकारांचा समावेश आहे. तोंडाच्या कर्करोगाची शासकीय प्राथमिक तपासणी तीस वर्षे पूर्ण झालेल्यांसाठी आहे. या दोहोंमध्ये अठरा ते तीस ही बारा वर्षे मोकळी राहतात. ज्या वयात मुलगा महाविद्यालयात जातो, मित्रांच्या संगतीत नवे काही करून पाहतो, नोकरीच्या शोधात ताण सोसतो आणि सवयीला कायमचा जोडला जातो, नेमक्या त्याच वयात त्याच्या तोंडात डोकावणारी कोणतीही सार्वजनिक योजना नाही. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली सचिन तेंडुलकरांना पुढे करून 'स्वच्छ मुख अभियान' सुरू केले. हेतू चांगला आहे. पण भित्तिपत्रकावरील हसरा चेहरा आणि प्रत्यक्ष तपासणीची खुर्ची यांत अंतर राहते, ते महाविद्यालयांच्या आवारातच भरून निघू शकेल.

यावर कोणी म्हणेल की, ज्या वस्तूवर बंदी आहे ती आपण वापरतो हे विद्यार्थी सांगणार कशाला? शंका रास्त आहे, आणि तिच्या उत्तरासाठी वडाळ्याबाहेर जाण्याची आवश्यकता नाही. १८९० साली तत्कालीन महापालिका आयुक्त ॲकवर्थ यांच्या प्रयत्नाने येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान उभे राहिले. त्या काळी रोग्याला समाजापासून दूर ठेवणे हाच उपाय मानला जाई. रोगाची भीती आणि कलंक यांमुळे माणसे पहिले चट्टे लपवीत आणि उपचाराची वेळ निघून जाई. औषधे आली, कलंक ओसरू लागला आणि माणसे आपणहून दाखवायला येऊ लागली, तेव्हा कुठे रोग आटोक्यात येऊ लागला. लपविल्याने रोग वाढतो आणि दाखविल्याने तो कमी होतो, हा धडा या भागाच्या इतिहासातच लिहिलेला आहे. विद्यार्थ्याच्या दप्तरात उपकरण सापडले की पालकांना बोलावून अपमान करणे, नाव काढून टाकण्याची धमकी देणे हा मार्ग शिस्तीच्या दृष्टीने सोपा वाटतो. आरोग्याच्या दृष्टीने तो उलटा आहे. कायद्याने वापरणाऱ्याला गुन्हेगार ठरविलेले नाही. शाळा-महाविद्यालयांनी तरी ते का करावे?

करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. मुंबईत शासनाचे आणि महापालिकेचे स्वतंत्र दंतमहाविद्यालय आहे. त्यांतील विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष रुग्ण तपासण्याचा सराव हवाच असतो. वर्षातून एकदा प्रत्येक महाविद्यालयात त्यांचे पथक यावे, प्रवेशाच्या वेळी जशी कागदपत्रे तपासली जातात तसे तोंड तपासले जावे आणि तेथे निघालेली गोष्ट प्राचार्यांच्या दप्तरी जाणार नाही याची हमी विद्यार्थ्याला मिळावी. दंतवैद्यांनी 'तंबाखू खाता का, सिगारेट ओढता का' या दोन प्रश्नांत 'वाफ ओढता का' या तिसऱ्या प्रश्नाची भर घालावी. तोंड कोरडे पडणे, अकारण दात किडणे, बरी न होणारी जखम, तोंडातील पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड पुरते न उघडणे ही लक्षणे शिक्षकांना ठाऊक असावीत. कारण दंतवैद्याच्या आधी विद्यार्थ्याचा चेहरा रोज पाहतो तो शिक्षकच. दुसऱ्या बाजूला सीमाशुल्क आणि पोलीस यंत्रणेने आपला रोख टपरीवाल्यापेक्षा आयातदाराकडे वळविला पाहिजे. मुंबईच्या भोवती बंदरे आहेत. हे उपकरण प्रायः परदेशातून येते आणि ते हवेतून टपरीवर उतरत नाही. एका टपरीवरील छाप्यात चार नळ्या सापडतात, एका पेटाऱ्यात हजारो.

या साऱ्यात प्रमाणाचा विवेक मात्र सुटता कामा नये. वडाळ्यात आणि एकूणच महाराष्ट्रात आजही सर्वांत अधिक तोंडे उद्ध्वस्त करते ती तंबाखू आणि सुपारी. वाफेची नळी ही त्यांच्या तुलनेने लहान गोष्ट आहे. २०१९ च्या शालेय सर्वेक्षणात तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांपैकी ८.५ टक्के कोणत्या ना कोणत्या स्वरूपात तंबाखू घेत होती, तर ई-सिगारेट एकदा तरी वापरून पाहिलेली २.८ टक्के होती. नव्या वस्तूविषयी आरडाओरडा करून जुन्या संकटाकडे पाठ फिरविणे हा शुद्ध ढोंगीपणा होईल. परंतु महाविद्यालयातील खुर्चीवर बसलेल्या तरुणाचे तोंड उघडले की त्यात वाफेची खूण दिसेल, गुटख्याची दिसेल, मशेरीची दिसेल. पाहणारी नजर एकच असेल. म्हणूनच तपासणीचा आग्रह केवळ ई-सिगारेटपुरता नाही.

परळच्या रुग्णालयात येणाऱ्यांपैकी कितीतरी जण आपला आजार फार पुढे गेल्यावर येतात. त्यांतील बहुतेकांच्या तोंडात तो काही वर्षे आधीपासून डोळ्यांना दिसण्याजोगा होता. फक्त पाहणारे कोणी नव्हते. गुटख्याच्या पिढीला ही उपेक्षा भोवली. वाफेची पिढी अजून विशीत आहे, तिचे दात अजून जागेवर आहेत आणि तिच्या हिरड्यांचे नुकसान बव्हंशी भरून निघण्यासारखे आहे. वडाळ्याहून परळला जाणारा रस्ता लांबचा नाही. तो चालून जाण्याची वेळ या मुलांवर येऊ नये असे वाटत असेल, तर कायद्याने बंद केलेल्या दुकानाकडे जितके लक्ष दिले गेले, तितकेच लक्ष आता उघड्या तोंडाकडे द्यावे लागेल.